फोनचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक करताना नेमके काय पणाला लागते?

मुठाकाठ | ११ मे, रात्री ९:१५

२०१४ च्या उन्हाळ्यात मी मुळशी तालुक्यातल्या आमच्या गावी राहून आजीच्या जात्यावरच्या ओव्या फोनवर ध्वनिमुद्रित केल्या होत्या. एकूण ४१ फाइल होत्या. आजी २०१६ मध्ये गेली. गेल्या महिन्यात त्या फाइल नावांनिशी नीट लावून ठेवायला बसलो, तेव्हा त्यांतल्या ६ फाइल मध्येच तुटतात किंवा उघडतच नाहीत, असे लक्षात आले. त्या वेळी माझ्या फोनचा चार गाभ्यांचा प्रोसेसर १.५ गिगाहर्ट्झऐवजी १.९ गिगाहर्ट्झवर चालत होता, कारण मी स्वतःच फोन रूट करून, म्हणजे त्याच्या प्रणालीचा पूर्ण ताबा घेऊन, दुसरे कर्नल (हार्डवेअर चालवणारा प्रणालीचा मूळ भाग) घातले होते. प्रोसेसर असा ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणे म्हणजेच ओव्हरक्लॉकिंग. फोन कधी बंद पडला नाही, फारसा अडकलाही नाही, आणि त्यामुळे सारे काही सुरळीत आहे अशी माझी खात्री होती.

तो फोन अजून कपाटात आहे. त्याची बॅटरी केव्हाच फुगली होती, म्हणून ती काढून टाकली, बाहेरून वीज दिली आणि एक साधी चाचणी घेतली. एकाच फाइलची पडताळणी-संख्या (तिच्यातल्या सर्व अंकांवरून निघणारी एक संख्या) ५०० वेळा काढायची आणि ती दर वेळी तीच येते का, हे पाहायचे. १.५ गिगाहर्ट्झवर ५०० पैकी ५०० उत्तरे सारखी आली. १.९ वर ३ उत्तरे वेगळी आली आणि त्या तिन्ही वेळा फोनने कोणतीही तक्रार केली नाही.

ओव्हरक्लॉकिंगच्या धोक्यांवर मराठीत जे वाचायला मिळते, त्यात फोन तापतो, वॉरंटी जाते, बॅटरी लवकर संपते, इतकेच असते. ते खरे आहे, पण सर्वांत मोठ्या धोक्याबद्दल तिथे काहीच नसते, म्हणून हा धागा काढतो आहे. १.५ गिगाहर्ट्झवर प्रोसेसरच्या घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला सुमारे ०.६७ नॅनोसेकंद मिळतात आणि १.९ वर केवळ ०.५३. तेवढ्या अवधीत चिपमधल्या सर्वांत लांबच्या वाटेने जाणारा संकेत मुक्कामी पोहोचून स्थिरावला नाही, तर पुढची पायरी जुनेच मूल्य उचलते आणि शून्याच्या जागी एक किंवा एकाच्या जागी शून्य लिहिला जातो. तो अंक कर्नलच्या एखाद्या पत्त्यातला असेल तर फोन लगेच कोलमडतो, आणि ते एका अर्थी बरेच, कारण आपल्याला कळते तरी. तो अंक आवाजाच्या फाइलमधला असेल तर फोन चालूच राहतो.

संकेत लवकर पोहोचावा म्हणून व्होल्टेज वाढवतात. मी १.१५ व्होल्टचे १.२५ केले होते. चिपला लागणारी शक्ती वारंवारतेच्या सरळ प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढते. हिशेब केला तर वेग २७ टक्क्यांनी वाढतो आणि शक्ती जवळजवळ ५० टक्क्यांनी. शिवाय गळतीचा प्रवाह तापमानाबरोबर वाढतो, तो वेगळाच. हा हिशेब मी २०१४ मध्ये केला असता तर ते कर्नल कदाचित घातलेच नसते.

---

गतिमान_वारजे | ११ मे, रात्री १०:०२

ओव्यांबद्दल वाचून फार वाईट वाटले. मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि नेमके हेच करण्याच्या बेतात आहे, म्हणून विचारतो. माझ्या फोनमध्ये सीपीयूचा, म्हणजे मुख्य प्रोसेसरचा, वेग वाढवण्याची सोय सापडत नाही. मात्र कोनाबेस नावाच्या साधनाने जीपीयूची वारंवारता ६७० वरून ८०० मेगाहर्ट्झपर्यंत नेता येते, असे कळले. जीपीयू फक्त चित्रे काढतो. एखादा ठिपका चुकीच्या रंगाचा आला तर काय बिघडणार आहे? फाइलला तर धक्का लागणार नाही ना?

---

कर्वे_रस्ता | १२ मे, सकाळी ७:४०

धागाकर्त्याच्या नुकसानीबद्दल सहानुभूती आहे, पण निष्कर्ष मला घाईचा वाटतो. २००९ च्या मोटोरोला ड्रॉइडमध्ये ६०० मेगाहर्ट्झचा ओमॅप ३४३० प्रोसेसर होता आणि कंपनीने तो ५५० वरच ठेवला होता. हौशी लोकांनी तो ८०० ते १००० वर चालवला. सायनोजेनमॉड या अँड्रॉइडच्या हौशी आवृत्तीत तर वेग बदलण्याची सोय थेट सेटिंगमध्येच दिलेली होती. मी स्वतः त्या काळात तीन फोन असेच वापरले आणि एकही बिघडला नाही. आणि आता तर कंपन्याच हे करतात. स्नॅपड्रॅगन ८ जेन २ हा प्रोसेसर सर्वसाधारणपणे ३.२ गिगाहर्ट्झवर चालतो, पण २०२३ च्या गॅलेक्सी फोनांत तोच ३.३६ वर दिला. कंपनीने केले तर प्रगती आणि आपण केले तर धोका, हे मला पटत नाही.

---

शून्य_एक | १२ मे, दुपारी १:२०

मी हिंजवडीत चिपच्या पडताळणीचे काम करतो, त्यामुळे कर्वे_रस्ता यांच्या मुद्द्याला जरा सविस्तर उत्तर द्यावेसे वाटते.

सिलिकॉनच्या एकाच तबकडीतून कापलेल्या दोन चिप कधीही तंतोतंत सारख्या नसतात. कारखान्यात प्रत्येक चिप वेगवेगळ्या व्होल्टेजवर आणि तापमानावर तपासतात आणि जी कमी व्होल्टेजवर जास्त वेग देते ती वेगळी काढतात. ३.३६ गिगाहर्ट्झची चिप ही अशा निवडीतून आलेली असते आणि त्या वेगाला ती तपासलेली असते. २०१९ चा स्नॅपड्रॅगन ८५५ प्लस हाही असाच, ८५५ च्या २.८४ वरून २.९६ वर नेलेला होता. ग्राहकाने आपल्या फोनमध्ये तोच आकडा लिहिला, तर आकडा सारखा होतो, पण त्यामागची तपासणी येत नाही. आपली चिप निवडलेल्यांपैकी होती की निवडीत मागे पडलेल्यांपैकी, हे समजण्याचा कोणताही मार्ग ग्राहकाकडे नसतो. तुमचे तीन फोन टिकले, म्हणजे त्या तीन चिपमध्ये मोकळीक शिल्लक होती. ६०० चा प्रोसेसर कंपनीनेच ५५० वर ठेवला होता, तिथे तर ती मोकळीक उघडच दिसत होती. आज कंपन्या ती मोकळीक स्वतःच वापरून टाकतात आणि ग्राहकाच्या वाट्याला फारसे काही उरत नाही.

दुसरी गोष्ट झिजेची. चिपमधल्या धातूच्या तारा अतिशय बारीक असतात आणि प्रवाहाची घनता व तापमान जास्त असेल, तर इलेक्ट्रॉनच्या रेट्याने धातूचे अणू हळूहळू सरकतात. एका ठिकाणी पोकळी पडते, दुसरीकडे उंचवटा येतो. जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस या झिजेचे समीकरण मांडले आणि त्यात तापमान घातांकात आहे. म्हणजे तापमान थोडे वाढले तरी आयुष्य पुष्कळ घटते. याखेरीज ट्रान्झिस्टरचे स्वतःचे वयही होते. वापराबरोबर तो मंद होत जातो आणि जास्त व्होल्टेजवर हे लवकर घडते. म्हणून ओव्हरक्लॉक केलेला फोन पहिल्या महिन्यात सर्व चाचण्या उत्तीर्ण होतो आणि दीड वर्षाने त्याच वेगावर चुका करू लागतो. स्थैर्याची चाचणी घेतली की झाले, असे समजणाऱ्यांना हे सांगणे मला फार आवश्यक वाटते.

मात्र मुठाकाठ, याच कारणाने मला तुमच्या चाचणीवर एक शंका आहे. तुमची चिप आता दहा वर्षांहून जुनी आहे. आज १.९ वर ती चुकते, यावरून ती २०१४ मध्येही चुकत होती, असे सिद्ध होत नाही.

---

मुठाकाठ | १२ मे, रात्री ८:५०

शंका अगदी योग्य आहे आणि मलाही ती आली होती. २०१४ च्याच जून महिन्यात मी सर्व ४१ फाइल संगणकावर उतरवून ठेवल्या होत्या आणि ती प्रत आजवर तशीच आहे. ज्या ६ फाइल फोनमध्ये खराब आहेत, त्याच ६ त्या प्रतीतही खराब आहेत, आणि नेमक्या त्याच जागी. म्हणजे दोष नंतर साठवणुकीत आलेला नाही. पहिल्यांदा लिहिले गेले तेव्हाच चुकीचे लिहिले गेले. त्या वेळी चिप जेमतेम एक वर्षाची होती. मेमरीचाच काही दोष असेल, तर तो मात्र मी नाकारू शकत नाही. पण मूळ वेगावर ५०० पैकी एकदाही चूक न होणे मला पुरेसे बोलके वाटते.

गतिमान_वारजे, जीपीयूची मेमरी वेगळी नसते. संगणकाच्या ग्राफिक्स कार्डावर स्वतःची मेमरी असते. फोनमध्ये मात्र सीपीयू, जीपीयू, कॅमेऱ्याचा प्रक्रियक, मॉडेम हे सारे बहुधा एकाच चिपवर बसलेले असतात आणि एकच रॅम वापरतात. कोनाबेस वारंवारतेबरोबर व्होल्टेजचा तक्ताही बदलू देते. त्या वाढीव उष्णतेचा परिणाम शेजारच्या सीपीयूच्या वेळेच्या हिशेबावर होतोच. एक ठिपका चुकणे क्षम्य आहे, हे मान्य. पण चूक त्या ठिपक्यापुरतीच राहील, याची हमी कोणी देऊ शकत नाही.

मूक चुका किती विचित्र असू शकतात, त्याचे एक उदाहरण देतो. फेसबुकच्या अभियंत्यांनी २०२१ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या सर्व्हरमधला एक सदोष गाभा १.१ चा ५३ वा घात काढून त्याचा पूर्णांक घेताना १५६ ऐवजी शून्य उत्तर देत होता. बाकीची बेरीज-वजाबाकी ठीक. फाइलचा आकार काढताना ते शून्य आले आणि फाइल रिकामी समजून वगळली गेली. तो सर्व्हर ओव्हरक्लॉक केलेला नव्हता. चिपच दोषी होती. पण सर्व्हरवर देखरेख करणारी माणसे असतात म्हणून ते सापडले. आपल्या फोनवर अशी देखरेख कोण ठेवणार?

---

ब्लोअर_आणि_चिमटा | १३ मे, रात्री ११:१०

मी तपकीर गल्लीजवळ मोबाइल दुरुस्तीचे काम करतो. सिद्धान्त माझ्यापेक्षा वरच्या मंडळींना जास्त माहीत आहे. मी टेबलावर जे येते तेवढे सांगतो.

बहुतेक चांगल्या फोनांत रॅमचा आयसी (चिप) थेट सीपीयूच्या डोक्यावर बसवलेला असतो. दोघांमध्ये सोल्डरचे बारीक गोळे असतात, शेकड्यांनी. सीपीयू तापला की त्याची आच आधी रॅमला लागते, तिला दुसरी वाटच नसते. तापले की बोर्ड आणि आयसी वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि थंड झाले की आकसतात. दिवसातून वीस-पंचवीस वेळा असे झाले की काही महिन्यांनी एखाद्या गोळ्याला तडा जातो. गिऱ्हाईक सांगते, फोन लोगोवर अडकतो, किंवा मागून दाबले की चालू होतो. दाबल्यावर चालू होतो म्हटले की मला निम्मे निदान तिथेच कळते.

मग सीपीयू रीबॉल करावा लागतो. हॉट एअरने वरची रॅम काढायची, मग सीपीयू काढायचा, खालचा चिकट गोंद खरवडायचा, स्टेन्सिल लावून नवे गोळे बसवायचे. हे काम जपून केले तरी दर वेळी जमतेच असे नाही, आणि सीपीयू गेला की त्या फोनमधली माहितीही गेली. आजकालच्या फोनांत साठवणुकीतली माहिती सांकेतिक केलेली असते आणि तिची किल्ली त्याच सीपीयूशी बांधलेली असते. साठवणुकीचा आयसी काढून दुसऱ्या बोर्डावर लावला तर नुसती विस्कटलेली अक्षरे मिळतात. लोक डोळ्यांत पाणी आणून सांगतात की फोन नको, फक्त मुलीचे फोटो काढून द्या, आणि मला नाही म्हणावे लागते. ओव्हरक्लॉक केलेले फोन माझ्याकडे फार येत नाहीत, कारण आता असे करणारे थोडे. पण उष्णतेची मर्यादा, म्हणजे फोन तापला की वेग आपोआप कमी करणारी सोय, काढून टाकलेले फोन येतात, आणि त्यांचे रोग हेच असतात.

---

कर्वे_रस्ता | १४ मे, सकाळी ८:०५

निवडीचा मुद्दा मला मान्य आहे. मी तो लक्षात घेतला नव्हता. एक प्रश्न मात्र उरतो. जास्त वेगाने काम लवकर संपते आणि प्रोसेसर लवकर झोपी जातो. मग एकूण खर्च सारखाच नाही का होत? आम्ही त्या काळी असेच मानत होतो.

---

शून्य_एक | १४ मे, सकाळी ९:३०

व्होल्टेज तेच ठेवता आले असते, तर तुमचे म्हणणे बव्हंशी बरोबर ठरले असते. पण व्होल्टेज वाढले की दर ठोक्याची किंमतच वाढते. मुठाकाठ यांचे आकडे घ्या. शक्ती १.५० पट आणि वेळ १.२७ पटीने कमी, म्हणजे त्याच कामाला १.१८ पट ऊर्जा. काम लवकर संपूनही बॅटरीतून १८ टक्के अधिक गेले. उलट दिशेने, म्हणजे मूळ वेग ठेवून व्होल्टेज कमी केले, तर हाच वर्ग आपल्या बाजूने काम करतो. मात्र त्यातही वेळेची मोकळीक कमी होते आणि मूक चुकांचा धोका तसाच राहतो. व्होल्टेज उतरवणे निरुपद्रवी आहे, असे कोणी सांगितले तर कृपया विश्वास ठेवू नका.

सीपीयूच्या वेगाची सोय का सापडत नाही, तेही सांगून टाकतो. स्नॅपड्रॅगन ८४५ पासून वारंवारता आणि व्होल्टेज यांचा तक्ता हार्डवेअरच सांभाळते आणि तो फोन सुरू होतानाच भरला जातो. कर्नल फक्त त्यातली ओळ निवडते, नवी ओळ लिहू शकत नाही. म्हणून आताचा सारा खटाटोप जीपीयूवर किंवा उष्णतेच्या मर्यादा हटवण्यावर आला आहे.

---

मुठाकाठ | १४ मे, रात्री ९:४५

बॅटरीबद्दल दोन गोष्टी मिसळल्या जातात. कालच मला एकाने सॅमसंगच्या २०१६ च्या नोट ७ चे उदाहरण दिले. त्या फोनांना आगी लागल्या त्या बॅटरीच्या रचनेतल्या आणि निर्मितीतल्या दोषांमुळे, प्रोसेसरच्या वेगामुळे नव्हे. ते उदाहरण इथे देऊ नये.

योग्य उदाहरण डिसेंबर २०१७ चे आहे. जुन्या आयफोनांचा वेग आपण मर्यादित करतो, हे ॲपलने तेव्हा मान्य केले. त्यामागचे कारण असे, की थकलेल्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो आणि प्रोसेसरने अचानक मोठा प्रवाह ओढला की व्होल्टेज खाली कोसळते. समजा, रोध ०.१५ ओहम झाला आहे आणि क्षणभर ३ अँपिअर ओढले, तर ०.४५ व्होल्ट आतल्या आतच जातात. ३.६ व्होल्टची बॅटरी ३.१५ वर दिसते आणि टक्के शिल्लक असतानाच फोन बंद होतो. फाइल लिहीत असताना असे झाले, तर काय होईल, ते वेगळे सांगायला नको. लोकांनी ॲपलवर राग धरला तो न सांगता केल्याबद्दल, आणि तो राग रास्तच होता. पण कारण भौतिक होते. ओव्हरक्लॉक करणारा माणूस त्याच बॅटरीकडून आणखी मोठा प्रवाह मागतो.

आणि फोन जुना झाला म्हणून हे करणाऱ्यांना सांगतो, बहुतेक वेळा सीपीयू मंदावलेला नसतोच. साठवणूक काठोकाठ भरलेली असते. दहा-बारा गिगाबाइट मोकळे करून पाहा.

---

डेक्कनची_सायकल | १५ मे, दुपारी ३:३०

माझा फोन रूट केलेला नाही, तरीही हा धागा वाचून भीती वाटली. मी दिवसभर घरपोच सेवेसाठी दुचाकीवर असते. हँडलला फोन, नकाशा चालू, चार्जर लावलेला आणि वर मे महिन्याचे ऊन. दुपारी पडदा आपोआप अंधूक होतो आणि नकाशा रेंगाळतो. एका सहकाऱ्याने ती मर्यादा काढून टाकण्याचा उपाय सांगितला आहे. काढावी का?

---

ब्लोअर_आणि_चिमटा | १५ मे, रात्री १०:२०

ताई, ती मर्यादा काढू नका. पडदा अंधूक होतो, म्हणजे फोन स्वतःला वाचवतो आहे. बॅटरी ४५ अंशांच्या वर असताना चार्ज करणे तिच्यासाठी सर्वांत वाईट, आणि उन्हातला काळा फोन तिथे सहज पोहोचतो. मागचे जाड कव्हर काढा, चार्जिंग दुपारी १२ ते ४ मध्ये न करता सकाळी घरीच पूर्ण करा, आणि हँडलच्या होल्डरवर पांढऱ्या पुठ्ठ्याची छोटी झापड लावा. मंडईजवळचे दोन-तीन रिक्षावाले अशी लावतात, मी पाहिले आहे. मागची बाजू फुगीर वाटली तर दुसऱ्याच दिवशी दाखवा, थांबू नका.

---

शून्य_एक | १५ मे, रात्री ११:००

वरील सल्ल्याला पूर्ण पाठिंबा. साध्या फोनला पंखा नसतो आणि तो सतत तीन-चार वॅटच बाहेर टाकू शकतो, तेही भोवतालची हवा त्याच्याहून बरीच थंड असेल तर. एप्रिल २०१९ मध्ये पुण्यात शिवाजीनगरला पारा ४३ अंशांवर गेला होता. अशा हवेत उष्णता जायला जागाच उरत नाही. आपल्या शहरातलेच उदाहरण म्हणजे आयसर या विज्ञान संस्थेतला परम ब्रह्म हा महासंगणक. तिथे प्रोसेसरना लागून द्रव फिरवून उष्णता काढून न्यावी लागते. वेग वाढवण्याआधी ती उष्णता जाणार कुठून, हे ठरवावे लागते आणि फोनमध्ये ते ठरवून झालेले असते.

---

गतिमान_वारजे | १८ मे, रात्री ९:०५

मी कबूल करतो की धागा वाचूनही मी ८०० मेगाहर्ट्झ लावून पाहिले. बूटलोडर (फोन सुरू करणारा आणि बाहेरचे बदल अडवणारा प्रोग्रॅम) उघडताना फोन पुसला गेला, ते अपेक्षित होते. बँकेचे ॲप चालेनासे झाले, त्याचा विचार केला नव्हता. दोन दिवस खिशात रोख घेऊन फिरलो.

मोजमाप मात्र नीट केले. एकच खेळ, एकच दृश्य, पंख्याखाली, ३० मिनिटे. पहिल्या ४ मिनिटांत पडद्यावर सेकंदाला ५८ ऐवजी ६६ चौकटी (फ्रेम) मिळाल्या. आठव्या मिनिटाला बॅटरीचे तापमान ४४ अंश झाले आणि चौकटी उतरू लागल्या. विसाव्या मिनिटाला ओव्हरक्लॉकवर ४७ होत्या आणि मूळ सेटिंगवर ५१. म्हणजे वाढवलेला फोन शेवटी हळू पडला. उष्णतेची मर्यादा हटवली तर आकडा टिकेल, हे दिसत होते, पण तिथे मी थांबलो. मूळ तक्ता परत लावला, बूटलोडर बंद केला, पुन्हा एकदा फोन पुसला. त्या दोन दिवसांत काढलेले ३२ फोटो मात्र संगणकावर घेतले आहेत. ते खराब झाले आहेत का, हे कसे तपासू?

---

मुठाकाठ | १८ मे, रात्री ९:५०

मोजमाप इतके नेटके मांडल्याबद्दल मनापासून आभार. फोटो एकेक करून पूर्ण आकारात उघडा आणि खालच्या भागात राखाडी पट्टा किंवा रंगांची सरकलेली पट्टी दिसते का ते पाहा. फोटोच्या फाइलमध्ये चूक झाली, तर ती बहुधा त्या जागेपासून खाली दिसते. लहान चित्रावर विसंबू नका, ते वेगळे साठवलेले असते आणि ठीकच दिसेल. माझ्या बाबतीत पहिले काही सेकंद ऐकून सर्व ओव्या नीट आहेत असे मी दहा वर्षे समजत होतो.

त्या ६ पैकी २ ओव्या आत्याला पाठ निघाल्या. रविवारी पौडला जाऊन लिहून घेणार आहे.